पहिला बार, साठावा बार

खंडेनवमीला बडोद्याच्या घडियाळी पोळेतल्या आमच्या घरात एक रायफल पाटावर येते. आजोबांची, .३१५ बोअरची, बोल्ट मागे ओढून भरायची. सगळे तिला थ्री-फिफ्टीन म्हणतात. परवाना आता माझ्या नावावर आहे. बाहेर अंबामातेच्या देवळाकडे लोकांची ये-जा चाललेली असते आणि आत वहिनी झेंडूची माळ ओवत बसलेल्या असतात. गेल्या वर्षी पूजा आटोपली तसा पुतण्या म्हणाला, "काका, मी नेमबाजीच्या क्लबात नाव घालतोय. नवी कशाला घ्यायची? हीच नेली तर?"

त्याला तेव्हा जे तुटक-तुटक सांगितलं, ते इथे जरा नीट लावून देतो.

काय करावे

एकच बार काढायचा आहे की साठ, ते आधी ठरवा. बाकी सगळं याच्यावर आहे. शिकारीची रायफल पहिल्या बारासाठी घडवलेली असते. शिकारी दिवसभर रान तुडवायचा, म्हणून ती हलकी, तीन-साडेतीन किलोची. नळी बारीक. झुडपात अडकून उडू नये म्हणून चाप जड. सावज दिसलं की थंड नळीतून एक गोळी, फार तर दोन. तेवढ्यात काम झालं नाही तर सावज पसार. क्लबात मात्र दहा मीटर एअर रायफलच्या सामन्यात ७५ मिनिटांत ६० बार काढायचे असतात, आणि साठावा पहिल्यासारखाच बसावा लागतो. आजोबांच्या रायफलीतून लागोपाठ पाच-सहा बार काढले की नळी हाताला चटका देते आणि गोळ्या हळूहळू एका बाजूला सरकू लागतात. ती बिघडलेली नसते, बारीक नळी तापल्यावर तसंच वागते. नेमबाजीच्या रायफलीची नळी म्हणूनच जाडजूड असते.

वजन हातात घेऊन पाहा. नवख्याला हलकी रायफल बरी वाटते. अर्धा तास उभं राहिल्यावर उलटं वाटतं, कारण हलकं हत्यार हाताची प्रत्येक थरथर पुढे पोचवतं आणि जड हत्यार ती गिळून टाकतं. एअर रायफलला सामन्याच्या नियमात साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराला तेवढी नको, पण पाळण्यातल्या खेळण्यासारखीही नको. गालाचा टेकू आणि खांद्याची पट्टी खाली-वर, मागे-पुढे होते का तेही बघून घ्या. शिकारीच्या रायफलीत माणसाला दस्त्याप्रमाणे वाकावं लागतं. इथे दस्ता माणसाप्रमाणे लावून घेता येतो.

सुरुवात दहा मीटरपासून करा. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. छर्रे स्वस्त, आवाज किरकोळ, धक्का जवळजवळ नाहीच. आणि सोपं म्हणाल तर लक्ष्याच्या मधोमध दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे बॉलपेन टेकवून उचललं की कागदावर उरतो तेवढा. छर्रे सपाट डोक्याचेच घ्या. कागदाला ते गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग नऊ की दहा यावर वाद.

मग पॉइंट बावीस. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आला, ते याच .२२ रायफलीवर. गुडघा टेकून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तिन्ही अवस्थांत. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच बोअरच्या रायफलीवर पालथ्या अवस्थेत जगज्जेती झाली. आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यातली लज्जा गोस्वामी हिचाही खेळ हाच. यांच्यापैकी कुणीही शिकारीच्या रायफलीवर मोठं झालेलं नाही. वाडवडिलांच्या हत्यारावर हात तयार होतो, असं पोळेत कुणी ओटल्यावर बसून सांगू लागलं तर ऐकून घ्या आणि चहा प्या.

उजवा डोळा नेमाचा की डावा, ते तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठ्यानं दूरची खिडकी झाका आणि मग एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याला खिडकी झाकलेलीच दिसते, तो तुमचा नेमाचा. माझा पुतण्या जेवतो उजव्या हातानं, पण डोळा डावा निघाला. आजोबांच्या रायफलीचा बोल्ट उजव्या हाताचा, त्यामुळे तिचा विषय तिथेच निम्मा मिटला.

कागद आधी, हत्यार नंतर. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. धारक वारला की हत्यार पोलिसांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, वारसाने आपल्या नावाचा परवाना काढायचा, मग ते घरी आणायचं. बडोदा शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, तालुक्यात राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो. नेमबाजी करणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे, पण ती क्लबाच्या आणि राज्य संघटनेच्या नोंदणीतून मिळते, ओळखीतून नाही. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करा असा हुकूम निघतो. नोंदणी झालेल्या खेळाडूला सूट मागता येते. नुसत्या शिकारी रायफलवाल्याचा सराव महिना-दीड महिना बंद.

संघटनेवरून आठवलं. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये निघाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण त्यांचा जन्म बडोद्याचा, १८८८ चा. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आहे आणि वर्षानुवर्षं नवख्या नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेकडची वाट तिच्यातून गेली आहे. पोळेतल्या मुलांना ही स्पर्धा ठाऊक असते, मावळणकर आपल्या गावात जन्मले हे नसतं.

काय टाळावे

थ्री-फिफ्टीनवर शिकायला बसू नका. काडतूस महाग हे एक. ती मोकळेपणानं झाडायला मोठी रेंज लागते, हे दुसरं. पण खरं नुकसान खांद्याचं आणि त्याहून जास्त मनाचं होतं. चार बारांत खांदा शिकतो की आता दणका बसणार. पाचव्या बाराला चाप पुरता ओढला जाण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळीचं तोंड खाली जातं. दणक्याच्या गोंधळात हे कुणाला दिसत नाही. एका सरावाच्या वेळी उस्तादांनी माझ्या नकळत भरलेल्या काडतुसांत एक रिकामं सारलं. मी चाप ओढला, नुसतं 'टक' झालं, आणि रायफलीनं माझ्या डोळ्यांदेखत वीतभर मान खाली घातली. मागे उभे असलेले सगळे हसले. मी तोवर दोष नळीला देत होतो. ही दचक एकदा अंगात बसली की काढायला महिने जातात, आणि ती काढायचं औषध परत एअर रायफलच.

दुर्बीण लावून सराव करू नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालत नाही. मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं आणि त्यात काळं वर्तुळ, एवढ्यावर डोळा बसवायचा.

घरात रेंज करू नका. पोळेतली घरं अरुंद नि खोल. ओटल्यापासून मागच्या भिंतीपर्यंत दहा मीटर भरतातही. पण मध्ये चार दारं, आणि कुठल्या दारातून कोण ताक घेऊन येईल सांगता येत नाही. घरी करायचा तो कोरडा सराव. छर्रा नाही, भिंतीवर ठिपका, उभं राहायचं, श्वास सोडायचा, चाप दाबायचा. रोज वीस मिनिटं.

मात्र कोरडा सराव कुठल्याही हत्यारावर नको. .२२ रायफल रिकामी झाडली तर तिची पिन नळीच्या कडेवर आपटते आणि कड चेपते. आत प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घाला. स्प्रिंगची एअर रायफल छर्र्याशिवाय झाडली की आतला दट्ट्या ठोकरतो. कोरड्या सरावाची वेगळी सोय असलेली हवेची रायफल यासाठी सगळ्यांत बरी.

आगाशीवर जाऊ नका. उत्तरायणात तर मुळीच नाही, अख्खं गाव वर असतं. कबुतरं, माकडं हाकलायला एअर गन म्हणजे शुद्ध मूर्खपणा. छर्रा डोळा फोडू शकतो. .२२ च्या काडतुसांच्या खोक्यावर तर मैलभर धोका असल्याची सूचना छापलेली असते, आणि घडियाळी पोळेपासून मैलभरात अर्धं जुनं शहर बसतं.

शिकारीचं मनातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय संपवला. विश्वामित्रीतली मगरसुद्धा पहिल्या परिशिष्टात आहे. ज्या गायकवाडांच्या शिकारखान्यात काळविटांमागे चित्ते सोडत, त्याच घराण्यातले फतेहसिंहराव १९६९ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचे पहिले अध्यक्ष झाले. आजोबांनी हे वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हापासून रायफल कपाटात गेली ती गेलीच, असं वडील सांगायचे.

उसनी नेऊ नका. परवाना माझा असताना पुतण्यानं ती एकट्यानं सरावाला म्हणून मांडवीपर्यंत जरी नेली, तरी दोघेही आत. क्लबाची रायफल क्लबात वापरावी, तिथे शिकवणारा जबाबदार असतो.

जुन्या रायफलीला नवी करू नका. दस्ता कापून गालाचा टेकू बसवणारे, चाप हलका करून देणारे कारागीर भेटतात. हलका केलेला जुना चाप एक दिवस बोट लावण्याआधी सुटतो. तिला आहे तशीच राहू द्या.

पहिल्याच महिन्यात परदेशी रायफल घेऊ नका. वॉल्थर, अन्शुट्झ ही नावं पाठ करायला हरकत नाही. पैसे आधी अंगावर बसणाऱ्या जाड कॅनव्हासच्या जॅकेटात आणि हातमोज्यात घाला. सहा महिने क्लबाची रायफल वापरून कंटाळा आला नाही, तर मग बघू.

आणि ते म्यान. आजोबांनी रायफल चामड्याच्या म्यानात ठेवली होती. बडोद्याच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि ती ओल लोखंडाला देतं. बोल्टच्या खाली करवंदाएवढा गंज मला सापडला, तो तिथला. आता ती तेलाच्या फडक्यानं पुसून, म्यानाबाहेर, कुलपात असते. नळीवर मात्र तीन बोटांचा पुसट तांबूस ठसा उरला आहे. कुंकवाच्या ओल्या बोटांचा, बहुधा माझ्या आजीच्या.

यंदा पाट मांडताना मी म्हटलं, "वहिनी, कुंकू दस्त्याला लावा. नळीला नको."

"बरं. आणि माळ?"

"माळ चालेल. पण पाणी शिंपडलेली नको."

"मग ती संध्याकाळपर्यंत सुकेल हो, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि माळ पुतण्याच्या एअर रायफलच्या पेटीवर घातली.