विधान व त्याचा व्यत्यास

भूमितींतील सिद्धान्ताचे दोन भाग असतात : पक्ष व साध्य. 'जर' नंतर येतो तो पक्ष, 'तर' नंतर येतें तें साध्य. या दोहोंची नीट ओळख नसल्यानें पुष्कळ चुका होतात.

एक सोपें विधान घेऊं : पूर्णसंख्येस ४ नें नि:शेष भाग जात असेल, तर ती सम असते. यापासून आणखी तीन विधानें करितां येतात.

पहिलें, व्यत्यास. यांत पक्ष व साध्य यांची अदलाबदल होते : संख्या सम असेल, तर तीस ४ नें नि:शेष भाग जातो. हें खोटें आहे. ६ ही संख्या पाहा. विरुद्ध असें एकच उदाहरण विधान खोडण्यास पुरतें.

दुसरें, निषेधरूप. यांत दोन्ही भागांस जागच्या जागीं नकार मिळतो : ४ नें नि:शेष भाग जात नसेल, तर संख्या सम नसते. हेंही ६ मुळेंच खोटें ठरतें.

तिसरें, निषेधरूपाचा व्यत्यास : संख्या सम नसेल, तर तीस ४ नें नि:शेष भाग जात नाहीं. मूळ विधान खरें असतां हें नेहमीं खरेंच असतें. समजा, संख्या सम नसूनही तीस ४ नें नि:शेष भाग गेला. मग मूळ विधानाप्रमाणें ती सम असलीच पाहिजे. एकच संख्या सम आहे व नाहीं, हें अशक्य.

व्यत्यास नेहमीं खोटाच असतो, असें मात्र नव्हे. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांतील ५ वा सिद्धान्त म्हणतो कीं, त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील, तर त्यांसमोरील कोन समान असतात. ६ वा सिद्धान्त त्याचाच व्यत्यास, तोही खरा. ४७ वा व ४८ वा यांचेंही नातें तसेंच. परंतु युक्लिडनें व्यत्यास गृहीत धरिला नाहीं. त्याची स्वतंत्र सिद्धता दिली.

पवित्र शास्त्रांतील ईयोबाच्या मित्रांनीं ही काळजी घेतली नाहीं. पाप करणारास दु:ख भोगावें लागतें, असें ते मानीत. ईयोब दु:खांत दिसतांच त्यांनीं त्यास पापी ठरविलें. ग्रंथाच्या अखेरीस देवानें त्यांचें बोलणें यथार्थ मानिलें नाहीं.

पालकांसही एक विनंती. जो अभ्यास करीत नाहीं तो नापास होतो, हें खरें धरिलें, तर उत्तीर्ण झालेल्यानें अभ्यास केला होता, इतकेंच त्यावरून निघतें. नापास झालेला प्रत्येक मुलगा आळशी होता, हें निघत नाहीं. तो हिंवतापानें अंथरुणास खिळला असेल. घरीं रात्रीं वाचावयास दिवा नसेल. निकाल हातीं घेऊन मुलास बोल लावण्यापूर्वीं आपण मूळ विधानावर उभे आहों कीं त्याच्या व्यत्यासावर, एवढें अवश्य पाहावें.