घर नाकारले जाते तेव्हा

मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग १८५४ साली कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या काठाने तो जातो आणि तेथेच मुंब्रा हे गाव वसलेले आहे. डोंगरावर मुंब्रादेवीचे मंदिर, खाली आगरी-कोळ्यांची घरे, लगतच्या कौशात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, असे या गावाचे पूर्वीचे रूप होते. १९१६ साली पारसिकचा बोगदा तयार झाला. जलद गाड्या मुंब्र्याला न येता बोगद्यातून सरळ दिव्याकडे जाऊ लागल्या आणि गाव काहीसे आडबाजूला पडले. पाऊणशे वर्षांनंतर ज्या स्थलांतराने या गावाचा कायापालट केला, त्यामागे स्वस्त जागेची ओढ होतीच. परंतु भीतीचा वाटा त्याहून मोठा होता.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. संमिश्र वस्तीत, चाळीत किंवा सोसायटीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक मुसलमान कुटुंबांना या काळात शेजाराचा भरवसा उरला नाही. मिळेल त्या भावात खोली विकून ती मुंब्र्याला आली. काही हजारांची ही वस्ती दोन दशकांत काही लाखांवर गेली.

ही कुटुंबे शांतता प्रस्थापित झाल्यावर परत का गेली नाहीत, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. काहींनी तसा प्रयत्नही केला. परंतु घर नाकारण्याची रीत मोठी सभ्य असते. एजंट प्रथम नाव विचारतो, मग जागा नुकतीच दिली गेल्याचे सांगतो. घरमालकाची स्वतःची काही हरकत नसते. हरकत नेहमी सोसायटीची असते. सोसायटीला विचारावे, तर तेथे मांसाहाराचा मुद्दा पुढे केला जातो. नकार असा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतो आणि तो कोणाचाच ठरत नाही. नोकरीच्या बाबतीतही हेच घडते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले होते. पात्रता समान असूनही मुसलमान नावाच्या अर्जदारांना बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जदारांपेक्षा पुष्कळच कमी आढळले.

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेला धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. खाजगी मालकाने घर कोणाला भाड्याने द्यावे, यावर मात्र त्या अनुच्छेदाचा सरळ अंमल चालत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. एका लहान समाजाला स्वतःचे अस्तित्व टिकविण्यासाठी जी मुभा हवीशी वाटली, तीच बहुसंख्यांच्या हाती गेल्यावर काय होईल, हा विचार त्या निर्णयाच्या निमित्ताने व्हावयास हवा होता.

एकदा वस्ती वेगळी झाली, की तिचे वेगळेपणच तिच्याविरुद्धचा पुरावा बनते. न्यायमूर्ती सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात असे नमूद आहे की, मुसलमानांची संख्या अधिक असलेले अनेक भाग काही बँकांनी कर्जासाठी ‘नकारात्मक’ ठरविले होते. कर्ज मिळत नाही, म्हणून रीतसर घर परवडत नाही. म्हणून अनधिकृत इमारतीत गाळा घ्यावा लागतो. आणि मग हे लोक कायदा पाळत नाहीत, असे बाहेरचे म्हणतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यालगत शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अशीच एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. त्याआधी, जून २००४ मध्ये, मुंब्र्याची एक महाविद्यालयीन तरुणी अहमदाबादेत पोलिसांच्या गोळीबारात ठार झाली. ती चकमक बनावट होती, असे आरोपपत्र केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१३ साली दाखल केले. दरम्यानची नऊ वर्षे गावाच्या नावावर संशयाची छाया राहिली.

दूर देशीच्या एका उदाहरणाशी हे ताडून पाहता येईल. १९९१ साली सियाद बारे यांची राजवट कोसळून सोमालिया यादवीत सापडला. अमेरिकेत गेलेल्या सोमाली निर्वासितांचा मोठा गट मिनियापोलिस शहरात स्थिरावला. सीडर-रिव्हरसाइड भागातील उत्तुंग इमारतींत त्यांनी घरे घेतली, आसपास दुकाने आणि मशिदी उभ्या राहिल्या. काळा वर्ण, परका देश आणि इस्लाम धर्म, अशा तिहेरी कारणाने ते संशयास पात्र ठरले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने ज्या सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यांत सोमालिया होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनमधील मशिदीवर बॉम्ब टाकण्यात आला. परंतु एकत्र राहिल्याने त्यांची मतेही एकत्र झाली होती. २०१३ साली त्यांच्यातील एक जण नगरपरिषदेवर निवडून आला. २०१८ साली इल्हान ओमर प्रतिनिधिगृहात पोचल्या, आणि त्यांना हिजाब घालून बसता यावे म्हणून सभागृहात डोके झाकण्यास मनाई करणारा १८३७ चा नियम २०१९ साली बदलावा लागला. पूर्वग्रह त्यामुळे संपला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच सोमाली लोकांविषयी अत्यंत अवमानकारक उद्गार काढले. मात्र उत्तर देण्यासाठी आता त्यांच्यापाशी निवडलेली माणसे होती.

मुंब्र्यातही मतांचे हे बळ हळूहळू जाणवू लागले. २००९ च्या निवडणुकीपासून मुंब्रा-कळवा हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. शाळा, महाविद्यालये, दवाखाने यांपैकी पुष्कळ रहिवाशांनीच उभे केले. तथापि वस्तीच्या आतही प्रश्न होतेच. जेथे सर्वच एकमेकांना ओळखतात, तेथे मुलींवरची नजर अधिक कडक होते. २०१२ साली ‘परचम’ या गटाने मुंब्र्यातील मुलींना फुटबॉल शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिली अडचण बाहेरच्या जगाची नव्हती. मैदान मुलांच्या ताब्यात होते आणि घरच्यांची संमती मिळत नव्हती. संघात मुसलमान मुलींबरोबर हिंदू मुलीही होत्या. त्यांनी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लोकप्रतिनिधीपुढे ठेवली. सराव तोवर मिळेल त्या जागी चालू राहिला. काही मुली डोक्याला ओढणी बांधून खेळत, काही मोकळ्या डोक्याने.