विषातून निघालेले औषध

रक्ताच्या कर्करोगावर दिली जाणारी काही औषधे मूळची रणभूमीवरची आहेत, हे वाचून आमच्या विद्यार्थी मित्रांस नवल वाटेल. १९१७ साली बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा मारा केला. (मोहरीशी त्याचा संबंध केवळ वासापुरता.) त्वचा आणि फुप्फुसे तर त्याने जळालीच, पण मृतांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना असेही आढळले की, रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटल्या आहेत आणि त्या जेथे जन्मतात ती अस्थिमज्जा ओस पडली आहे.

जो पदार्थ निरोगी पांढऱ्या पेशी मारतो, तो बेसुमार वाढलेल्या रोगट पेशीही मारील काय? १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांच्या प्रयत्नाने त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लसीकाग्रंथींच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका रुग्णास टोचण्यात आले. गाठी थोड्याच दिवसांत विरल्या. पुढे रोग उलटला व रुग्ण वाचला नाही, हेही सांगितले पाहिजे. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

शिगम्यातला गोफ आपण पाहिलाच आहे. विणलेले पदर उलगडल्यावाचून तो सुटत नाही. पेशीतील डीएनएही असाच दोन पदरी असून, पेशी दुभंगण्यापूर्वी ते पदर वेगळे व्हावे लागतात. या औषधाच्या रेणूस जणू दोन हात असतात. एकाने तो एक पदर धरतो, दुसऱ्याने दुसरा. पदर सुटत नाहीत आणि पेशी मरते. मात्र रोगट पेशी कोणती व निरोगी कोणती, हे त्यास कळत नाही. भराभर दुभंगणाऱ्या साऱ्याच पेशी त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून केस गळतात, तोंड येते. "औषधानेच माणूस खंगला" असे म्हणून घरची मंडळी कधी उपचार अर्धवट सोडवितात, हे आम्हांस फार घातक वाटते. केस बहुधा पुन्हा उगवतात. दोन मात्रांमधील अंतर मज्जा सावरावी म्हणूनच ठेवलेले असते. त्या दिवसांत ताप आल्यास मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असता साधा संसर्गही जिवावर बेततो.

मेल्फलान हे याच कुळातील औषध. मायलोमा नावाच्या मज्जेच्या कर्करोगात रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशी आधी काढून गोठवून ठेवतात, मग या औषधाची मोठी मात्रा देतात आणि त्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. त्या आपण होऊन मज्जेत पोहोचतात, आणि साधारण दोन आठवड्यांत रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात.