आधी न बदलणाऱ्या गोष्टी बघा

माळशिरसात मी कर सल्लागाराचं काम करतो. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि त्याच महिन्यात मी पहिला लॅपटॉप घेतला. आता वापरतोय तो तिसरा. माझं निम्मं काम गिऱ्हाइकाच्या दारात चालतं. आज नातेपुत्याचं कृषी सेवा केंद्र, उद्या अकलूजचं हार्डवेअरचं दुकान, परवा पिलीवचं दूध संकलन केंद्र. स्क्रीन, रॅम आणि बॅटरी, तिन्हींचा खर्च एकाच बजेटमधून निघतो. एकीला जास्त दिलं की दुसरीचं कमी होतं. कुठे जास्त द्यायचं, हे मला दोन लॅपटॉप वापरून झाल्यावर कळलं.

१. लॅपटॉप दुकानाच्या पायरीवर नेऊन बघा.
पहिला लॅपटॉप मी ट्यूबलाइटखाली बघून घेतला होता. साडेपंधरा इंची चकचकीत स्क्रीन होती आणि रंग भडक दिसत होते. महिन्याभरात एका पत्र्याच्या शेडच्या दारात बसून बिलं भरत होतो. पाठीमागून ऊन येत होतं आणि स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता. त्या दिवशी ३८,६०० रुपयांचं बिल मी ३३,६०० असं चढवलं. जीएसटी नंबर चुकला तर पोर्टल लगेच अडवतं, कारण पंधरापैकी शेवटचं अक्षर पडताळणीसाठीच असतं. रकमेला असा पहारेकरी नाही. माल घेणाऱ्याला क्रेडिट कमी दिसलं, तेव्हा माझ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "सर, आमचं बिल त्यांना कमी कसं दिसतंय ओ?" पुढच्या महिन्यात दुरुस्ती केली, पण त्या दोन व्यापाऱ्यांत विनाकारण बोलाचाली झाली.

स्क्रीनचा उजेड निटमध्ये मोजतात. स्वस्त मॉडेलला २२० ते २५० निट असतात, आणि तेवढे खोलीत पुरतात. ओट्यावर, दारात, गाडीत बसून काम असेल तर ३०० ही खालची मर्यादा धरा. ४०० मिळाले तर उत्तम. काच चकचकीत नको, मॅट हवी. बाजूने बघितल्यावर रंग उलटे होत नाहीत, असं आयपीएस पॅनेल घ्या, कारण शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकालाही आकडे वाचता आले पाहिजेत. त्याचा हिशोब आहे, त्याला तो दिसलाच पाहिजे.

२. मराठी मजकूर उघडून बघा.
दुकानात सगळे इंग्रजी पान उघडतात. मी आता सातबाऱ्याची पीडीएफ उघडतो. १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर पूर्ण पान बसवलं की रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. कर्जाच्या फायलीसाठी खातेदाराचं नाव वाचताना 'र्व' आणि 'वं' यांत फरक दिसत नसेल तर काम धोक्याचं आहे. १९२० बाय १०८० एवढी स्क्रीन हवीच. १९२० बाय १२०० मिळाली तर चौदा इंचातही एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात, आणि दिवसभर वर-खाली सरकवणारा माणूस त्या चार ओळींची किंमत जाणतो. याच्या पुढच्या फोर-के स्क्रीनच्या नादी मात्र लागू नका. आपल्या कामात तिचा उपयोग नाही, आणि ती बॅटरी खाते.

३. रॅम किती लागते, ते वीस तारखेला बघा.
एकटी टॅली फार रॅम मागत नाही. पण जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरण्याच्या २० तारखेला टॅलीसोबत ब्राउझरमध्ये पोर्टलची पानं, क्रेडिटचं टुबी पत्रक जुळवण्याची एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बिलं आणि दहा पीडीएफ उघडे असतात. त्या दिवशी टास्क मॅनेजर उघडून आकडा बघा. माझा साडेसात जीबीच्या आसपास जायचा. तेव्हा माझ्याकडे दुसरा लॅपटॉप होता. सडपातळ, हलका, बॅटरी झकास, रॅम ८ जीबी. त्यातली काही ग्राफिक्ससाठी बाजूला जाते, म्हणजे वापराला पूर्ण ८ मिळतच नाहीत. रॅम भरली की मशीन डिस्कवर ओझं टाकतं आणि प्रत्येक क्लिकला थांबायला लावतं.

वाढवायला गेलो तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आणि मोकळा स्लॉट एकही नाही. बाकी सगळं धडधाकट असलेलं यंत्र तेवढ्यासाठी तीन वर्षांत बाजूला ठेवावं लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, "स्लॉट किती आणि मोकळे किती?" स्लॉट असेल तर ८वर सुरुवात करून पुढे वाढवता येते. नसेल तर १६च्या खाली व्यवहार करू नका.

४. तास विचारू नका, वॉट-तास विचारा.
'दहा तास बॅकअप' हा आकडा मंद उजेडात मोजलेला असतो. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात, त्याला आपल्या वापराने भागा. माझ्या आताच्या लॅपटॉपला ५७ आहेत. साध्या कामात तो साधारण ९ वॉट ओढतो, म्हणजे सहा तास झाले. उन्हात उजेड पूर्ण केला की १३वर जातो, म्हणजे चार-साडेचार. जास्त निटची स्क्रीन घेतली म्हणून बॅटरी संपत नाही, ती पूर्ण उजेडावर चालवली की संपते. घरात मी तीस टक्क्यांवर काम करतो.

५. वारीचा आठवडा ध्यानात घ्या.
माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. २०२४ला आषाढी एकादशी १७ जुलैला होती आणि तिमाही रिटर्नवाल्यांचा जीएसटीआर-१ १३ जुलैला भरायचा होता, म्हणजे पालखी आपल्याच तालुक्यात असताना. रस्ते वाहतुकीला बंद, मोबाइलचं नेटवर्क गर्दीने दबलेलं, ऑफिसला पोचणं मुश्कील. टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप आणि ६५ वॉटची पॉवर बँक एवढ्यावर मी एका गिऱ्हाइकाच्या माडीवर बसून काम संपवलं. खाली दिंड्या चालल्या होत्या. २०,००० एमएएच म्हणजे कागदावर ७४ वॉट-तास. गळती धरली तरी जवळपास एक पूर्ण चार्ज मिळतो. डीपी जळून गावात दोन-दोन दिवस अंधार असतो, तेव्हाही हीच जोडी कामाला येते.

६. बॅटरीला ऊन सोसत नाही.
एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जरवरच काम असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करा. बहुतेक बिझनेस मॉडेलमध्ये ती असते.

७. आता माझा क्रम असा आहे.
पहिली स्क्रीन, कारण ती नंतर वाढवून घेता येत नाही. मग रॅम, आणि तीही स्लॉट बघून. बॅटरी तिसरी. तिचं महत्त्व कमी नाही, पण ती दोन-तीन वर्षांनी बदलून मिळते आणि तोवर पॉवर बँक साथ देते. बजेट तुटायला लागलं तर मी प्रोसेसर एक पायरी खालचा घेईन, स्क्रीन नाही.

घ्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर तुमची सगळ्यात मोठी एक्सेल फाइल आणि एक सातबारा घेऊन जा. दुकानदाराला सांगून लॅपटॉप भर दुपारी बाहेर आणा आणि त्या उन्हात शेवटच्या ओळीतली रक्कम वाचून बघा.