झोपेत वारं गेलं, तर वेळ कुठून मोजायची?

मेंदूचा झटका म्हटलं की चालता-बोलता कोसळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण रक्ताची गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण पाचातला एक झोपेत येतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटी परिसरातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण १४ टक्के निघालं. इतर काही पाहण्यांत ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. माणूस रात्री जेवून-खाऊन धड झोपतो आणि सकाळी उठतो तो वाकडं तोंड घेऊन.

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला आमच्या भावकीतल्या एका घरी हेच झालं. आबांनी साठी ओलांडलेली. बीपीची गोळी चालू, पण बरं वाटलं की बंद. रात्री दहाला आडवे झाले. पहाटे साडेपाचला उठून बसताना उजवीकडे कलंडले. बायकोने चहा पुढे केला, तर कपबशी हातात ठरेना. तोंडात गेलेला घोट ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. ‘वारं गेलं’ म्हणून घर गोळा झालं. कुणी तेल गरम करून चोळायला बसलं, कुणी कबुतराचं रक्त सुचवलं, कुणी अमक्या गावच्या औषधाचं नाव काढलं. मग जवळच्या एका दवाखान्यात सलाइन लागलं. सीटी स्कॅन होईपर्यंत दुपार कलली होती.

“यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?” तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न. थोरला मुलगा म्हणाला, “रात्री दहाला.”

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतल्या झटक्याची नेमकी वेळ कुणालाच ठाऊक नसते, म्हणून माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून ती मोजतात. दोन दिवसांनी मुलाने आबांचा मोबाईल उघडला. रात्री दोन चाळीसला शेजारच्या शेतकऱ्याला फोन लावलेला होता: शेतीची लाईट आली, मोटार चालू कर. शेजाऱ्याला विचारलं, तर आबा अगदी नीट बोलले होते. म्हणजे पहाटे ते कलंडले तेव्हा हातात दीड तासाहून जास्त वेळ होता. तेव्हाच गाडी काढली असती, तर बीड किंवा अंबाजोगाई गाठता आलं असतं. आता आबा काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने घास मात्र उचलत नाही. मुलगा भेटेल त्याला सांगतो, “रात्री लघवीला कोण उठलं, कुणाशी बोललं, फोन कधी केला, हे आधी आठवा आणि डॉक्टरांना सांगा.”

हे सगळे झटके मध्यरात्रीचेच असतात असंही नाही. पहाटे जाग यायच्या सुमारास रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यामुळे बरेच झटके उठण्याच्या जरा आधी येत असावेत, असं तज्ज्ञ मानतात. घोरता घोरता ज्यांचा श्वास मध्येच अडकतो, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांना धोका जास्त. अशांनी बीपीची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये.

“झोपेतच आला, आता काय उपयोग” हे म्हणणं तर आता खरंही राहिलेलं नाही. हॅम्बुर्गच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एमआरआयवरून झटका ताजा आहे का हे ओळखून इंजेक्शन दिलं गेलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातले ५३ टक्के चांगले सावरले, न मिळालेल्यांतले ४२ टक्के. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीने दाखवलं, की मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेने काढता येते. ही सोय मोठ्या शहरांतच आहे, म्हणून तर निघायला उशीर नको.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण निघालं. दगावलेल्यांपैकी बहुतेकांनी घरातच प्राण सोडला होता. खेड्यात हा आजार कमी, ही समजूत तिथेच मोडते.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन कुठे चोवीस तास चालू आहे ते विचारून थेट तिथेच जावं. तोंडात पाणी घालू नये; ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिनही घरी देऊ नये, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. चालू गोळ्यांची पाकिटं आणि रुग्णाचा मोबाईल सोबत घ्यावा.

आणि पहाटे लुळा पडलेला हात अर्ध्या तासात पुन्हा हलायला लागला, तरी पेशंटला शेतावर जाऊ देऊ नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठा झटका येण्याचा धोका पुढचे दोन दिवस सगळ्यांत जास्त असतो.