हजेरीत नाव कुणाचं?

ऊसतोडीची उचल ठरते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच. माझ्या आईनं धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या ईट गावातून निघून कित्येक हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या. पण ती कामाला होती असं दाखवणारा एकही कागद आमच्या घरात नाही. मालक कोण, हे तरी तिनं कसं सांगावं? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवायचा, मुकादम कारखान्याकडे.

तिच्या अंगावरून आधी पांढरं जायचं, मग लाल जायला लागलं. फडात ना पाणी, ना आडोसा. एक दिवस पालात पडून राहावं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या कर्जात चढायचे. एका खाजगी दवाखान्यात "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल" एवढं ऐकवलं आणि तिशीच्या आत तिची पिशवी काढली. पुढच्या दिवाळीनंतर ती परत फडात. पस्तिशीतच अंगाचा भडका, कंबरेची हाडं कुरकुरणं सुरू झालं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली येतात आणि हाडं ठिसूळ होतात, हे मला फार पुढं कळलं. तिची काढली की ठेवली, ते आजही आम्हाला ठाऊक नाही.

2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. आकडा वाचून शहरातली माणसं हळहळली. आमच्याकडं कुणाला नवल वाटलं नाही.

मी कोयता धरला नाही. लग्नाआधीच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तेही ठेकेदारामार्फत. पगाराच्या चिठ्ठीवर कर्मचारी राज्य विम्याची कपात दिसायची. 15,000 पगार असेल तर आपले 113 रुपये जातात आणि मालकाला 488 भरावे लागतात. पोरी म्हणायच्या, "फुकटची कापाकापी." मला मात्र ती चिठ्ठी बघून बरं वाटायचं, कारण आईला असली चिठ्ठी कधी मिळालीच नव्हती.

मग लग्न झालं. सासरी नाव बदललं, आधारवर नवं नाव चढलं. त्याच सुमारास ठेकेदार बदलला. नव्यानं जुना विमा क्रमांक विचारलाच नाही, नव्या नावावर नवा काढून मोकळा झाला. लाईनवरचं काम तेच, खुर्ची तीच. कागदावर मात्र मी दोन बाया झाले. बाळंतपणाच्या रजेचा अर्ज केला तेव्हा ते उघडं पडलं. प्रसूतीच्या आधीच्या दोन सहामाही अंशदान काळांत मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. माझे दिवस दोन क्रमांकांत वाटले गेलेले, नव्यावर 70 भरत नव्हते. ठेकेदार म्हणाला, "आमचं काम भरायचं, ते आम्ही भरलं." दोन्ही क्रमांक, आधार, लग्नाचा दाखला, जुन्या चिठ्ठ्या असं सगळं घेऊन विम्याच्या शाखा कार्यालयात अर्ज दिला आणि क्रमांक एक करून घेतले. 26 आठवड्यांचे पैसे मिळाले, पूर्ण पगाराच्या दरानं मिळाले. पण हातात पडले तेव्हा पोरगी बसायला लागली होती. तोवर घर बचतगटाच्या कर्जावर चाललं.

म्हणून आता गावाकडची कुणीही पोरगी चाकण-रांजणगावला निघाली की मी तिला पकडून बसवते. पहिल्या पगारालाच विमा क्रमांक मागून घे. तो जन्माचा असतो, ठेकेदाराचा नसतो. नवीन ठिकाणी लागताना तोच दे. नाव बदललं तर आधार आणि विमा दोन्हीकडं एकदमच बदल. मोबाईलवर विम्याच्या संकेतस्थळावर महिन्याला किती दिवस भरले ते दिसतं. कपात चिठ्ठीवर आहे म्हणजे भरणा झाला असं धरू नको.

तारखांचा हिशोबही समजून घ्यायला हवा. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरमध्ये. ऑक्टोबरात पहिल्यांदाच कामाला लागलेली बाई मे महिन्यात बाळंत झाली, तर वर्गणी भरूनही विम्याच्या प्रसूतिलाभात बसत नाही. हे तिला कामावर घेताना कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी दिवस गेल्यावर काय उपयोग?

बाळंतपण सोडून बाकीचं तर बायका मागतच नाहीत. गर्भ पडला तर 6 आठवडे पगारी. दोन लेकरांवर ऑपरेशन केलं तर 14 दिवस पूर्ण पगारानं. अंशदान काळात 78 दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के. कॅन्सरसारखा लांबलचक आजार निघाला तर त्याहून पुढंही, 80 टक्के दरानं. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई गर्भ पडल्यावर चौथ्या दिवशी उभी राहून काम करत होती. "असल्या गोष्टीचा कागद कसा मागू?" म्हणाली. लाजेपायी किती पैसे सोडतो आपण!

पगार 21,000 च्या वर गेला की विमा संपतो, पण लगेच नाही. तो अंशदान काळ पुरा होईस्तोवर चालतो. कंपनी गटविमा देत असेल तर त्यात बाळंतपणाला मर्यादा किती आणि नोकरी सुटल्यावर तीच पॉलिसी स्वतःच्या नावावर चालू ठेवता येते का, हे आधीच लेखी मागा.

फडावर जाणाऱ्या माझ्या भावजयीला यातलं काहीच लागू नाही, ही खरी बोच आहे. टनामागं 10 रुपये कारखान्यांकडून घेऊन गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं, पण त्यातलं काही मिळवायचं तर आधी ती कामगार म्हणून नोंदली जायला हवी. ग्रामसेवक ओळखपत्र देतात. ते नवऱ्याचं काढून भागत नाही, बाईचं वेगळं काढायचं. जाण्याआधी आणि आल्यावर ईटच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यायचं आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवायचा. कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी सोनोग्राफी, औषधं, आणि भूम किंवा धाराशिवच्या सरकारी डॉक्टरांचं दुसरं मत. काढावीच लागली तर अंडाशयं ठेवणार का ते विचारायचं, आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी दवाखान्यात जायला थांबायचं नाही.

माझी स्वतःची चाळिशी उलटली. निवृत्त होताना किमान पाच वर्षं विम्यात असल्याचा पुरावा असेल, तर वर्षाला फक्त 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांनाही विम्याच्या दवाखान्यात उपचार मिळत राहतात. ती पाच वर्षं मोजली जातात एकाच क्रमांकावर. माझी भरलीत का, ते मी दर सहा महिन्यांनी उघडून बघते, आणि सासूबाईंचं नाव कुटुंबात घेतात का याचीही चौकशी चालू आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कामकरी बाईच्या कुटुंबात तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरे धरले आहेत.