रुळांमागचा तलाव

मुलांनो, नागपूरच्या मोतीबाग भागात नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. ते २००२ साली सुरू झाले. तेथे जुनी इंजिने व डबे जपून ठेवले आहेत. या छोट्या गाडीच्या दोन रुळांत फक्त ७६२ मिलिमीटर अंतर असे. रुळांची रुंदी वाढवायची म्हणून नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. नागभीडची गाडी २०१९ साली थांबली. तुमच्या आजी-आजोबांनी कदाचित तिच्यातून प्रवास केला असेल. तुम्हांला मात्र ती धावताना पाहायची असेल, तर तिची प्रतिकृतीच करावी लागेल.

शाळेच्या प्रदर्शनासाठी अशी गाडी करा. तिच्या मागे पुठ्ठ्याचा पडदा उभा करा आणि त्यावर तलाव रंगवा. पण ब्रश हातात घेण्यापूर्वी अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर जा. काठावर शांत उभे राहा आणि नीट पाहा.

पाणी निळेच असते का? पायांजवळ आपण पाण्यात वरून खाली पाहतो, म्हणून तळ दिसतो. तेथे पाणी हिरवट, मातकट वाटते. दूरच्या पाण्यावर आपली नजर तिरपी पडते. तेथे तळ दिसत नाही, आकाश दिसते. म्हणून दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे भासते. ढगाळ दिवशी तेच पाणी राखाडी होते.

आता कामाला लागा. पडद्याचे कोपरे दुमडू नका, गोलसर वळवा. नाहीतर आकाशात उभी रेघ दिसेल. आकाशासाठी कालवलेला पोस्टर रंग थोडा उरवा. तोच दूरच्या पाण्याला द्या. जवळ येताना त्यात हिरवा व तपकिरी रंग मिसळत जा. पैलतीराची रेषा अगदी आडवी काढा. ती कलली, तर तलाव सांडतो आहे असे वाटेल! दूरच्या लाटा बारीक व जवळजवळ, जवळच्या लाटा मोठ्या व अंतराअंतरावर काढा. झाडाचे प्रतिबिंब झाडाच्या थेट खाली, उलटे आणि थोडे पुसट असावे.

शेवटी पडदा व टेबल जेथे मिळतात, तेथे मातीचा बांध घाला. त्यावर हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा चिकटवा. जोड झाकला जाईल.

मग गाडी सुरू करा आणि आजोबांना बोलवा. ते गाडी ओळखतील. पाणीही खरे वाटले, तर ते तुम्हांला एखाद्या प्रवासाची गोष्ट सांगतील. ती नीट ऐका. तुमच्या मेहनतीचे बक्षीस तेच!

शब्दार्थ : प्रतिकृती – हुबेहूब लहान नमुना, पैलतीर – पलीकडचा काठ, पुसट – अस्पष्ट.

स्वाध्याय
१. दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे का दिसते?
२. पडद्याचे कोपरे गोलसर का वळवावेत?
३. तुमच्या गावातील तलावाचे किंवा नदीचे पाच वाक्यांत वर्णन करा.